मागच्या रांगेतल्या मुली : डेनिशॉन कंपनीतलं आयुष्य

अबोली | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस मनात घोळतोय. आज लिहायला बसलेच.

मी सात वर्षं एका नृत्यसंचात होते. तेरा जणी होतो आम्ही. मी कायम मागच्या रांगेत, डावीकडून दुसरी. गेले काही महिने अमेरिकेतल्या डेनिशॉन कंपनीबद्दल मिळेल ते वाचतेय आणि जुने फोटो बघतेय. रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन या नवराबायकोने १९१५ साली लॉस एंजेलिसला शाळा काढली, तिच्यातूनच ही कंपनी उभी राहिली. आज ज्याला आपण मॉडर्न डान्स म्हणतो त्याची अमेरिकेतली बरीचशी मुळं तिथे आहेत. मार्था ग्रॅहम, डोरिस हम्फ्री, चार्ल्स वाइडमन हे सगळे तिथलेच. पण फोटो उघडला की माझी नजर मधल्या रूथबाईंवर ठरत नाही. ती जाते कडेच्या मुलींवर. हिचा हात किती वेळ असा वर राहिला असेल? फोटो काढून झाल्यावर ही कपडे घड्या करायला गेली असेल का?

सुरुवातीची शाळा एका बंगल्यात होती. टेनिस कोर्टावर लाकडी फळ्या टाकल्या, वर कापड ताणलं, आणि तोच नाचाचा वर्ग. मुली अनवाणी, अंगात काळा लोकरी पोहण्याचा पोशाख. दिवसाची फी एक डॉलर, ती सिगारच्या रिकाम्या खोक्यात टाकायची, त्यातच दुपारचं जेवण. सकाळी बॅलेचा सराव, तोही अनवाणी. मग देलसार्त नावाच्या फ्रेंच माणसाच्या पद्धतीने हावभाव, मग रूथबाईंकडून हातांच्या लाटा, पौर्वात्य म्हणून जे काही त्यांना उमगलं होतं ते, आणि शेवटी शांत बसून ध्यान. आपल्याकडे एका गुरूकडे एकच शैली दहा वर्षं घोटून घेतात, तिथे एका दिवसात पाच पद्धती. मला सुरुवातीला हे उथळ वाटलं होतं, आता नाही वाटत. त्या मुलींच्या अंगात इतकं काही वेगवेगळं शिरलं की पुढे त्यातून त्यांना स्वतःचं काही निवडता आलं.

आता कामाचं बोलते. १९२२ ते १९२५ या काळात कंपनीने अमेरिकाभर तीन मोठे दौरे केले. बहुतेक गावांत एकच रात्र. गाडीतून उतरायचं, थिएटर गाठायचं, ट्रंका उघडायच्या, इस्त्री, रंगभूषा, प्रयोग, परत ट्रंका भरायच्या आणि परत गाडी. कार्यक्रमाचे साधारण चार भाग असत : आधी पाश्चात्त्य संगीतावरची नृत्यं, मग एखादं नृत्यनाट्य, मग सुट्या सुट्या रचना, आणि शेवटी भारत, जपान, इजिप्त असं काहीतरी भव्य. ज्या मुली पहिल्या भागात पांढऱ्या झिरझिरीत कपड्यात त्यांच्याच कांतीने नाचत, त्याच शेवटच्या भागात हातापायांना, पोटाला, पाठीला तपकिरी रंग फासून येत. तो रंग मध्यंतरात लावायचा आणि रात्री उतरवायचा.

ज्यांनी अंगभर रंग लावलाय त्यांनाच हे कळेल. आम्ही एका नृत्यनाटिकेत वनदेवता होतो, मानेपासून बोटांपर्यंत हिरवट रंग. विदर्भात जानेवारीच्या दौऱ्यात, कार्यालयाच्या मागच्या नळावर, रात्री साडेबाराला, खोबरेल आणि गार पाण्याने तो काढायचो. कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत तो राहायचाच. सकाळी बसमध्ये बसलं की बाहीला लागलेला दिसायचा. हे आठवल्यामुळे असेल, पण डेनिशॉनच्या मुलींबद्दल मला एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं.

ऑगस्ट १९२५ मध्ये कंपनी आशियाच्या दौऱ्यावर निघाली. जपान, चीन, ब्रह्मदेश, हिंदुस्थान, सिलोन, जावा, फिलिपाईन्स असं करत जवळजवळ सव्वा वर्ष. १९२६ मध्ये आपल्या मुंबईतही त्यांचे प्रयोग झाले. त्या संचात जेन शर्मन नावाची सतरा वर्षांची मुलगी होती, सगळ्यांत धाकटी. तिने घरी लिहिलेली पत्रं आणि रोजनिशी पन्नास वर्षांनी छापली गेली, म्हणून आज आपल्याला मागच्या रांगेतून तो दौरा कसा दिसत होता ते कळतं.

आणि आता ज्या गोष्टीमुळे लिहायला बसले ती. मार्था ग्रॅहम १९१६ साली या शाळेत आली. बाविशीची होती, नर्तकी व्हायला वय उलटून गेलं असं म्हणण्याचं वय. १९२० मध्ये शॉनने तिच्यासाठी 'शोचित्ल' हे मेक्सिकन कथेवरचं नृत्यनाट्य बसवलं, ते गाजलं. १९२३ ला ती कंपनी सोडून गेली. पुढे स्वतः शिकवायची वेळ आली तेव्हा तिला सांगण्यात आलं की डेनिशॉनचं शिक्षण वापरायचं असेल तर ५०० डॉलर भर. तिच्याकडे ते नव्हते. सात वर्षं जे अंगात मुरलं ते तिला वापरता येईना.

मला विचारायचंय, नाचणाऱ्याच्या अंगात जे बसतं ते कोणाचं असतं? शिकवणाऱ्याचं, कंपनीचं, की ज्याचे गुडघे झिजले त्याचं? तुमचं मत सांगा. नाचाशी संबंध नसला तरी चालेल.

---

शुभ्रा_के | शनिवार, रात्री ११:०५

वाचतेय, फार छान लिहिलंयस गं. एक विचारू? १९१५ मध्ये घरच्यांनी पाठवलं कसं या मुलींना? आपल्याकडे त्या काळात "नाचायला जाते" म्हटलं असतं तर घराचा दरवाजाच बंद झाला असता.

---

अबोली | शनिवार, रात्री ११:४०

शुभ्रा, तिथेही सोपं नव्हतं. म्हणूनच कंपनीत शिस्तीला इतकं महत्त्व होतं. रूथबाई म्हणजे 'मिस रूथ', शॉन म्हणजे 'पापा शॉन'. कोण कुठे जातं, कोणाशी बोलतं, रात्री किती वाजता खोलीत येतं, सगळ्यावर लक्ष. आईबापांना वाटलं पाहिजे की मुलगी एका घरातून दुसऱ्या घरात गेलीय. लुईझ ब्रुक्स, जी पुढे मूकपटांत प्रसिद्ध झाली, ती पंधराव्या वर्षी या कंपनीत आली आणि सतराव्या वर्षी, १९२४ मध्ये, तिला सगळ्यांच्या देखत काढून टाकलं. तिची वागणूक पसंत नव्हती म्हणून.

आणि पैशाचा भागही होताच. डोरिस हम्फ्रीचे वडील एका हॉटेलात व्यवस्थापक होते, त्यांची नोकरी गेल्यावर घर चालवण्यासाठी ती मुलगी शिकागोजवळच्या ओक पार्कला लहान मुलांचे नाचाचे वर्ग घेत होती. चार वर्षं. १९१७ मध्ये डेनिशॉनला गेली तेव्हा तिला पहिल्यांदा स्वतःसाठी नाचता आलं. तिच्याबद्दल मला खूप लिहायचंय, पण नंतर.

---

बडोदेकर | रविवार, सकाळी ८:२०

अबोलीताई, उत्तम धागा. आमच्या गावचा एक धागा यात जोडतो.

हजरत इनायत खाँ यांचे नाव सूफी विचारांमुळे जगभर परिचित आहे, पण ते मूळचे बडोद्याचे, उत्तम गायक व वीणावादक. मौलाबक्ष हे त्यांचे आजोबा. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोद्यात जी गायनशाळा सुरू झाली तिचे हे मौलाबक्ष. इनायत खाँ १९१० च्या सप्टेंबरात धाकटे भाऊ मेहबूब खाँ व चुलतभाऊ महंमद अली खाँ यांना घेऊन अमेरिकेस निघाले. तिथे १९११ मध्ये उपजीविकेसाठी त्यांनी रूथ सेंट डेनिस यांच्या दौऱ्यात वादन केले. म्हणजे डेनिशॉन सुरू होण्याच्या चार वर्षे आधी त्या बाईंच्या मागे बसून बडोद्याची मंडळी वाजवीत होती.

लहानपणी आमचे आजोबा याच शाळेच्या इमारतीवरून जाताना "मौलाबक्षांची शाळा" म्हणून थांबून नमस्कार करीत. त्या घराण्यातील कलावंत परमुलखात कोणाच्या तरी नाचाचे पार्श्वसंगीत झाले, हे प्रथम वाचले तेव्हा मला वाईट वाटले होते. आपण मागच्या रांगेतल्या मुलींविषयी लिहिलेत. मागे बसणारे वादकही त्यात धरावेत ही विनंती.

---

रंकाळा | रविवार, सकाळी १०:०२

लेख चांगला आहे, पण मला एक गोष्ट टोचली, ती स्पष्ट लिहितो.

तपकिरी रंग फासून भारतीय व्हायचं, हे तुम्ही दौऱ्यातल्या कष्टांच्या यादीत टाकून पुढे गेलात. त्याच अमेरिकेने १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानातल्या माणसांना देशात यायची बंदी केली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या शीख माणसाला, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात असलेल्या माणसाला, त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तू गोरा नाहीस म्हणून तुला नागरिकत्व नाही. आणि त्याच वर्षांत गावोगाव तिकीट काढून लोक रंगवलेला हिंदुस्थान बघत होते. खरा माणूस बंदरावर अडवलेला. अंगात बसलेलं कोणाचं असा प्रश्न विचारताय, तर तो रूथबाईंनाही विचारायला पाहिजे की त्यांच्या अंगात जे बसलं ते कोणाचं होतं?

---

अबोली | रविवार, दुपारी १२:३०

बडोदेकर काका, हे मला ठाऊक नव्हतं. मनापासून आभार. वादक धरायलाच हवेत.

रंकाळा, तुमचं म्हणणं मान्य आहे आणि मी ते घाईत ओलांडून गेले. रूथबाईंची गोष्ट सुरूच होते ती १९०४ मध्ये बफेलो गावातल्या एका दुकानात लावलेल्या इजिप्शियन सिगारेटच्या जाहिरातीवरच्या देवीच्या चित्रापासून. १९०६ च्या जानेवारीत त्यांनी 'राधा' केलं. तोपर्यंत हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. त्यातली राधा गोकुळातली नाहीच, ती देवळातली मूर्ती आहे, पंचेंद्रियांचे नाच करते आणि परत मूर्ती होते. मागे पुजारी म्हणून उभी असलेली माणसं मात्र खरी हिंदुस्थानी होती, न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर पोटासाठी आलेली. मधली बाई रंगवलेली आणि कडेची माणसं खरी. त्यांची नावं मी शोधली, हाती काही लागलं नाही.

वीस वर्षांनी कंपनी खरोखर इकडे आली तेव्हा काय झालं ते मात्र गुंतागुंतीचं आहे. ज्या देशात जातील तिथे ते शिकायला बसत. जपानमध्ये काबुकी या तिथल्या पारंपरिक नाट्यप्रकारातल्या नामवंत नटांकडून 'मोमिजिगारी' हे नृत्यनाट्य शिकले, चीनमध्ये पेकिंग ऑपेराकडून सेनापती वू आणि त्याच्या बायकोचा निरोप, ब्रह्मदेशात तिथलं समूहनृत्य. कलकत्त्यात बचवा जान नावाच्या गायिका-नर्तकीचा नाच त्यांनी पाहिला आणि शॉनने तिच्याविषयी फार आदराने लिहून ठेवलं. १९२६ हे साल बघा. तेव्हा आपल्याकडे भल्या घरातले लोक अशा स्त्रियांचं नाव घ्यायला तयार नव्हते. तिचं नाव परदेशी माणसाच्या लेखणीतून माझ्यापर्यंत आलं. यात मला आनंद वाटावा की लाज, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

शॉनने याच दौऱ्यात शिवाचं नृत्य रचलं आणि मनिलाला पहिल्यांदा केलं. मोठ्या धातूच्या कड्यात, म्हणजे प्रभावळीत, उभा राहून. आणि रूथबाईंचा एक काळ्या-सोनेरी साडीचा नाच होता, त्यात त्या रंगमंचावरच साडी अंगाभोवती खेळवत नेसायच्या. मुंबईच्या प्रेक्षकांतल्या नऊवारी नेसलेल्या बायकांना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळ विचार करते.

---

पेटीवाला | रविवार, दुपारी ३:१५

बडोदेकरांना अनुमोदन. मीही साथीदारच, तीस वर्षं नृत्याच्या वर्गांना पेटी आणि लेहरा (तालाचं आवर्तन दाखवणारी, फिरून फिरून वाजणारी धून) धरतोय.

डेनिशॉनचे संगीत दिग्दर्शक लुई हॉर्स्ट, त्यांनी दहा वर्षं तिथे पियानो वाजवला, १९२५ ला सोडलं, आणि पुढे ग्रॅहमच्या मागे अनेक वर्षं उभे राहिले. पॉलीन लॉरेन्स तर पियानोवर असायच्या, नाचायच्या, आणि हम्फ्री-वाइडमन बाहेर पडले तेव्हा त्यांच्याबरोबर जाऊन तिकडचे कपडे शिवण्यापासून दौरे ठरवण्यापर्यंत सगळं बघितलं. साथीला बसणारा माणूस रोज त्याच तालमी बघतो. कोणाचं पाऊल कुठे अडकतंय, कोण आज घरी रडून आलंय, कोणाला पुढची रांग मिळायला हवी होती, हे त्याला आधी कळतं. बोलायचा अधिकार मात्र त्याला नसतो.

अबोली, तुम्ही तुमच्या संचाबद्दल अर्धंच लिहिलंय असं वाटतं. ५०० डॉलरची गोष्ट तुम्हाला इतकी का लागली?

---

हडसनकाठ | रविवार, रात्री ९:४८

इकडे न्यूयॉर्कमध्ये पंधरा वर्षं आहे. बायको इथल्या एका स्टुडिओत ग्रॅहम पद्धतीच्या वर्गाला जाते, तिच्यामुळे थोडं माहीत झालंय.

५०० डॉलर नसल्यामुळे ग्रॅहमला स्वतःचं काही शोधावं लागलं, हे खरंच. श्वास सोडताना पोटाचे स्नायू आत खेचणं आणि मग सोडणं, यावर तिची सगळी पद्धत उभी आहे. १८ एप्रिल १९२६ ला तिने पहिला स्वतंत्र कार्यक्रम केला तेव्हा बरोबर तीनच मुली होत्या, रॉचेस्टरच्या शाळेतल्या तिच्या विद्यार्थिनी. मुख्य म्हणजे डेनिशॉन अजून आशियात फिरत होती तेव्हा हे झालं, आणि मार्थाची सख्खी बहीण जॉर्जिया त्याच आशिया दौऱ्यात नाचत होती. एक बहीण जुन्या घरात, एक बाहेर.

पुढे ग्रॅहमचा गट वाढला तो सगळा मुलींचा. बऱ्याच जणी स्थलांतरित ज्यूंच्या घरातल्या, आया कपड्यांच्या कारखान्यात. ॲना सोकोलोव तशीच. दिवसा दुकानात किंवा कचेरीत काम, संध्याकाळी तालीम, रात्री उशिरापर्यंत. तालमींचे पैसे नाहीत. १९२९ मधल्या 'हेरेटिक' मध्ये काळ्या कपड्यातल्या मुलींची भिंत आणि समोर एकटी पांढऱ्या कपड्यात ग्रॅहम. ती भिंत पुन्हा पुन्हा तिला अडवते. आठ तास उभं राहून दुकानात विक्री केल्यावर या मुली येऊन भिंत व्हायच्या.

१९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या नृत्य महोत्सवाचं आमंत्रण तिने नाकारलं. तिकडे कलावंतांचा छळ चाललाय आणि माझ्या गटातल्या ज्यू मुलींना तिथे कसं वागवतील, असं तिचं कारण होतं. मागच्या रांगेसाठी पुढच्या बाईने काही नाकारल्याचं हे एक उदाहरण.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर कोर्टात शोधलं गेलंय. ग्रॅहम १९९१ मध्ये वारली. तिने वारस नेमलेला माणूस म्हणाला की नृत्यं माझी आहेत, कंपनीने माझ्या परवानगीशिवाय करू नयेत. कंपनीचे प्रयोग थांबले. २००२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की बहुतेक नृत्यं तिच्या संस्थेची आहेत, कारण ती संस्थेची पगारी नोकर म्हणून ती रचत होती. म्हणजे जिला ५०० डॉलर मागितले गेले होते तिची स्वतःची बहुतेक नृत्यंही कायद्याने तिची निघाली नाहीत.

---

शुभ्रा_के | रविवार, रात्री १०:३०

हडसनकाठ, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

---

घाटमाथा | सोमवार, सकाळी ७:५५

१९३६ च्या बर्लिनचा उल्लेख आला म्हणून लिहिते. ग्रॅहमने जो महोत्सव नाकारला त्यात आपल्याकडून मेनका यांचा संच गेला होता आणि त्यांचं तिथे कौतुकही झालं. मेनका म्हणजे लीला सोखी, मूळच्या बंगालच्या, राहायला मुंबईत. त्यांचे पती डॉ. साहिब सिंग सोखी परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक. मेनकाबाईंनी कथकमधली एकट्याने नाचायची पद्धत मोडून नृत्यनाट्यं बसवली, संच घेऊन युरोपभर फिरल्या आणि पुढे खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. माझं बालपण लोणावळ्यात गेलं, तरी हे मला चाळिशीत कळलं, याचं फार वाईट वाटतं.

दमयंती जोशी याच संचातल्या. मराठी मुलगी, लहानपणीच मेनकाबाईंच्या घरी राहायला गेली आणि दहाएक वर्षांची असताना युरोपच्या दौऱ्यावर. शाळेत जायच्या वयात ट्रंका, रेल्वे, थंडी, परकी भाषा. जेन शर्मनपेक्षाही लहान. पण बाईंबरोबर राहिली म्हणून ती मोठी नर्तकी झाली हेही तितकंच खरं. मेनका १९४७ मध्ये गेल्या, तोवर त्यांचा संच मोडलेला होता. दमयंतीबाईंनी पुढे परत गुरूंकडे जाऊन एकल कथकची तयारी केली. संच संपला तरी आपलं नाचणं संपू द्यायचं नाही, यासाठी काय लागलं असेल.

---

अबोली | सोमवार, रात्री ९:१०

घाटमाथा, हडसनकाठ, किती दिलंत तुम्ही! मी दोन्ही प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले.

पेटीवाला, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या संचात नाईट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, मिळायची, तालमींचं काही नाही. त्याबद्दल माझं म्हणणं नाही, सगळीकडे तसंच होतं. पाचव्या वर्षी एका नाटिकेत मधला एक तुकडा बसत नव्हता. बाई चिडून घरी गेल्या. मी आणि आणखी दोघी थांबलो. पावसाचा प्रसंग होता, सगळ्या एकदम वर बघतात असं होतं, ते खोटं वाटत होतं. आम्ही एकीच्या खांद्यावरून दुसरीकडे नजर जाईल असं केलं, बत्तीस मात्रांत ती नजर मागच्या रांगेतून पुढे सरकत जाते. दुसऱ्या दिवशी बाईंनी बघितलं, म्हणाल्या, "ठेवा." तो तुकडा लोकांना फार आवडायचा. पत्रिकेत अर्थातच रचना बाईंची.

सात वर्षांनी लग्न झालं, मी ठाण्याला आले, घरी चार मुलींना शिकवायला लागले. सोसायटीच्या गणपतीत त्यांच्याकडून तो तुकडा करून घेतला. आठवड्यात संचाकडून पत्र आलं, आमची रचना विनापरवानगी वापरू नये, नाहीतर कायदेशीर कारवाई करू. मी वर्ग बंद केला. घाबरूनच. त्यानंतर एकवीस वर्षं मी नाचले नाही, कोणाला शिकवलंही नाही. मार्था ग्रॅहमकडे ५०० डॉलर नव्हते तेव्हा तिने नवीन काही शोधलं. मी थांबले. म्हणून ती गोष्ट इतकी लागली.

---

पदन्यास | सोमवार, रात्री ११:२०

अबोली, तुझ्याबद्दल वाईट वाटलं आणि ते पत्र पाठवायला नको होतं असंच मला वाटतं. पण मी अठरा वर्षं स्वतः संच चालवतेय, म्हणून दुसरी बाजू मांडते.

मुलगी येते तेव्हा तिला ताल कळत नसतो. तिला घडवायला पाच-सहा वर्षं जातात. हॉलचं भाडं, कपडे, दागिने, टेम्पो, वादकांचं मानधन, हे सगळं मी कर्ज काढून करते. मग ती जाते आणि दोन गल्ल्या सोडून वर्ग काढते, माझ्याच रचना, माझ्याच कपड्यांची नक्कल, पालकांना फी माझ्यापेक्षा कमी. असं दोनदा झालंय. दुसऱ्या वेळेला मी महिनाभर झोपले नाही. रूथ आणि शॉन यांनाही न्यूयॉर्कला ब्राँक्समधलं मोठं घर बांधायचं कर्ज झालं होतं, ते फेडायला ती दोघं १९२७-२८ मध्ये झीगफेल्ड फॉलीज या करमणुकीच्या कार्यक्रमाबरोबर गावोगाव नाचत फिरली. देवळासारखं नृत्य करायचं स्वप्न असलेल्या बाईला किती जड गेलं असेल ते. पुढे असलेल्या माणसाचेही गुडघे झिजतात गं.

पण तुम्ही तिघींनी केलेला तुकडा तुमचा होता. त्यात मला शंका नाही. माझ्या पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत मी मुलींची नावं रचनेखाली घालणार आहे. आत्ताच यादी काढली, चार ठिकाणी घालावी लागतील.

---

रंकाळा | मंगळवार, सकाळी ९:३०

पदन्यास ताई, हे वाचून बरं वाटलं. आणि अबोली ताई, तुमचं वाचल्यावर माझा आधीचा सूर जरा जास्तच कडक होता असं वाटलं. मुद्दा तोच ठेवतो. पण तुम्ही हम्फ्रीबद्दल लिहिणार होता ना?

---

अबोली | मंगळवार, रात्री १०:४५

पदन्यास, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आमच्या बाईंनीही टेम्पोचे पैसे बांगड्या मोडून दिल्याचं मी पाहिलं होतं. ते मी इतकी वर्षं आठवत नव्हते.

रंकाळा, लिहिते.

डोरिस हम्फ्री डेनिशॉनची सर्वांत लाडकी होती, अकरा वर्षं तिथे होती. १९२० मध्ये रूथबाई आणि तिने मिळून 'सोअरिंग' म्हणून एक नृत्य रचलं होतं, शुमान या जर्मन संगीतकाराच्या पियानोसाठीच्या रचनेवर. पाच मुली आणि रेशमाचा एक प्रचंड चौकोनी पडदा. चौघी चार कोपऱ्यांना, एक मध्ये. कोपऱ्यातल्या मुलींनी हवा पकडली की पडदा घुमटासारखा फुगतो, मधली त्याखाली येते, मग तो लाटेसारखा पसरतो. कोपरा धरणारीचं चुकलं तर मधल्या मुलीला काही करता येत नाही.

रूथ आणि शॉन फॉलीजबरोबर फिरत होते तेव्हा न्यूयॉर्कची शाळा हम्फ्री आणि वाइडमन सांभाळत होते. तेव्हाच तिने स्वतःचं काम सुरू केलं. १९२८ मध्ये कंपनीच्या बैठकीत नवीन घराच्या नियमांवरून वाद झाला. ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवायची हा त्यातला एक मुद्दा होता, असं तिने लिहून ठेवलंय. तिला ते पटलं नाही. ती आणि वाइडमन बाहेर पडले. पॉलीन लॉरेन्सही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिने 'वॉटर स्टडी' केलं. फक्त बायका, संगीत नाही. पेटीवाला, यात साथीदारही नाहीत, पण ऐकून घ्या. सगळ्या जमिनीवर, गुडघ्यांवर, पाठी वाकवलेल्या. एका कडेची मुलगी श्वास घेते आणि तिची पाठ उचलली जाते, तो श्वास शेजारणीकडे जातो, मग पुढची, मग पुढची, आणि लाट रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला पोचते. मोजायचं नाही, शेजारणीचा श्वास ऐकायचा. मध्ये कोणी नाही. पांढऱ्या कपड्यात कोणी नाही. पुढची रांग आणि मागची रांग असं काही नाहीच. अकरा वर्षं एका कंपनीत काढलेल्या बाईने बाहेर पडल्यावर आधी जे केलं त्यातलं हे एक.

त्याची पुनर्रचना केलेली फीत मी रात्री जागून पाहिली. लाट पहिल्यांदा सरकली तेव्हा मी ओरडलेच, कारण आमचा पावसाचा तुकडा तसाच सरकायचा. आम्हा तिघींनी डोरिस हम्फ्रीचं नावही ऐकलं नव्हतं. बाई घरी गेलेल्या, हॉलमध्ये एकच ट्यूबलाइट, आणि आम्ही एकमेकींच्या खांद्यांकडे बघत होतो.

त्या दोघींपैकी एक आता नाशिकला असते. काल तिला फोन केला, किती वर्षांनी. म्हणाली, "तुला सतराव्या मात्रेचं आठवतं का? तू नेहमी अर्धा श्वास आधी घ्यायचीस." मला आठवत होतं. स्वयंपाकघरात फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला, ती तिकडे मोजत होती आणि मी इकडे. डावा गुडघा आता पूर्ण वळत नाही. सतराव्या मात्रेला मी परत आधीच वळले आणि ती तिकडून "बघ!" म्हणून ओरडली.

---

पेटीवाला | मंगळवार, रात्री ११:३०

ठाण्यात कुठे राहता? दर गुरुवारी संध्याकाळी मी नौपाड्यात एका वर्गाला वाजवायला येतो. सहानंतर हॉल रिकामाच असतो.